आत्या, प्लेटा आणि पोडियमचा रॅम्प

माझ्या आत्याइतकी घाबरट बाई ठाण्याच्या खाडीच्या या काठावर झाली नाही, आणि पलीकडच्या काठावर झाली असलीच तर ती अजून घराबाहेर पडलेली नसावी. आत्या मात्र बाहेर पडते. दार लावते, कुलपाचा मोबाइलवर फोटो काढते, लिफ्टपाशी जाऊन तो फोटो उघडून बघते, आणि फोटो कालचा तर नाही ना, या शंकेने परत दाराशी येते. लिफ्टमध्ये ती घडीचं स्टूल आणि पाण्याची बाटली घेतल्याशिवाय शिरत नाही. "अडकली तर उभं किती वेळ राहायचं?" लग्नाला ती मुहूर्ताच्या चार तास आधी पोचते आणि मांडववाल्यांना खांब हलवून दाखवायला लावते. मी कुठे जाणार असले की तिचा फोन येतो, "पोचलीस का?" मी म्हणते, "आत्या, मी अजून निघालेच नाही." त्यावर पलीकडून आवाज येतो, "निघाली नाहीस? म्हणजे काहीतरी झालंय."

अशा बाईकडे दोन आसनांची, उघड्या टपाची, लालभडक जपानी स्पोर्ट्स कार आहे, हे ऐकून लोक आधी हसतात आणि मग माझ्याकडे संशयाने बघतात. गाडी तिच्यापेक्षा बरीच लहान असली तरी गाड्यांच्या हिशेबात म्हातारीच. सीवूड्सच्या एका बंगल्याबाहेर आंब्याखाली ती सडत पडली होती, ड्रायव्हरच्या सीटवर मांजर व्यायली होती. आत्याला ती बसच्या खिडकीतून दिसली. पुढच्या थांब्यावर उतरून ती चालत मागे आली आणि बंगल्याची बेल वाजवून म्हणाली, "अहो, ही गंजेल ना." काळजी करायला तिला तोवर माणसं कमी पडू लागली होती, असं माझे वडील म्हणतात. पिल्लांचे डोळे उघडेपर्यंत थांबून तिने गाडी विकत घेतली आणि दुरुस्त केली.

आत्याने आयुष्यभर तळोज्याच्या एका कारखान्यात गिअरचे दाते पाडायच्या यंत्रावर काम केलं. त्या खात्यातली ती पहिली बाई. मराठवाड्यातून आलेल्या आमच्या घरात तेव्हा पुस्तकांच्या आधी पत्रकं येत. माझे वडील ती छापत, मी ती वाचत वाढले, आणि आत्या त्यांच्या कोऱ्या बाजूवर दात्यांचे हिशेब करी. ती सवय तिच्या अंगात इतकी मुरली आहे की फणी घेताना ती दाते मोजते, करवत घेताना मोजते, आणि मला बघायला आलेल्या एकुलत्या एका मुलाचेही तिने मोजले असावेत, कारण तो गेल्यावर ती एवढंच म्हणाली, "वरच्या उजवीकडे एक कमी आहे."

तर या गाडीचं सगळं सुरळीत चाललं होतं. मग नेरूळची आमची जुनी इमारत पाडून तिथे टॉवर उभा राहिला. मधली वर्षं गाडी नावड्याला, आत्याच्या कारखान्यातल्या जुन्या फोरमनकाकांच्या शेडमध्ये होती. टॉवर झाला, आम्हाला सातव्या मजल्यावर घर मिळालं, आत्याला चौथ्यावर, आणि तिच्या गाडीला पहिल्या पोडियमवर, म्हणजे वरच्या पार्किंगच्या मजल्यावर, जागा. तिथे जायला बिल्डरने एक रॅम्प बांधला आहे. जागा वाचवण्यासाठी त्याने त्याला जिथे सगळ्यात जास्त चढ आहे नेमकं तिथेच वळण दिलं, आणि वळणाची एक कड उचलून ठेवली. आजच्या उंच गाड्या तिथून डुलत वर जातात. आत्याची बुटकी गाडी वळणावर आली की तिचं मागचं उजवं चाक गरगर फिरू लागे, गाडी जागच्या जागी थरथरे, आणि आत्या हँडब्रेक ओढून, डोळे मिटून, खिडकीतून हात बाहेर काढून ओरडे, "मागे कोणी आहे का? मागे कोणी नाही ना?"

म्हणून गाडी खाली उभी राहू लागली. ती जागा आगीच्या बंबाची. सोसायटीचे सेक्रेटरी मूळचे सारसोळ्याचे, खाडीत वाढलेले, आवाज असा की दोन टॉवरांमधून हाक जावी. ते आत्याला आपल्या आगरी बोलीत म्हणाले, "बाय, गारी तुमची झ्याक हाय. पन हिथं ठेवली तं आग लागल्यावर बंब कुठशी येल? दिवाली परयंत वर चरवा, नायतर हलवा."

हलवायची कुठे? फोरमनकाकांनी शेड विकायला काढली होती. रस्त्यावर ठेवायची आत्याची छाती नव्हती. राहिला भंगारवाला. तो दोनदा येऊन बोनेटवर हात फिरवून गेला होता, आणि त्याने हात फिरवलेली जागा आत्याने दोन्ही वेळा ओल्या फडक्याने पुसली होती. म्हणजे गाडी दिवाळीपर्यंत स्वतःच्या ताकदीने वर चढली तर राहणार, नाही तर तुकडे होऊन जाणार. आत्या जेवेनाशी झाली.

मला संताप आला. एका कामगार बाईने घामातून उभी केलेली गाडी बिल्डरच्या चुकीच्या रॅम्पमुळे भंगारात? मी त्याच दुपारी "चढण्याचा हक्क" या मथळ्याचं पत्रक लिहिलं, वडिलांकडून पाचशे प्रती छापून घेतल्या आणि दोन्ही लिफ्टमध्ये चिकटवलं. त्यात मी गाडीच्या दोषावरही लिहिलं होतं, कारण तो मला फार बोलका वाटला होता. गाडी वळताना बाहेरच्या चाकाला जास्त पळावं लागतं, म्हणून दोन चाकांना वेगळं फिरू देणारी एक पेटी मागे असते, तिला डिफरन्शियल म्हणतात. साध्या डिफरन्शियलमध्ये एक चाक घसरलं की तेच फिरत राहतं आणि जमिनीवरचं चाक गप्प उभं राहतं. मी लिहिलं, "जे रिकामं फिरतं ते सगळा जोर खातं, जे मातीला धरून आहे ते उपाशी राहतं. हीच आपली व्यवस्था."

आत्याने ते चष्मा लावून दोनदा वाचलं. "हे चुकलंय," ती म्हणाली.

"काय चुकलंय? व्यवस्था?"

"पेटी. रिकामं चाक काही खात नाही, लेकरा. दोघींनी मिळून पाण्याचं पिंप उचललंय असं समज. एकीने हात सोडला, तर दुसरीत कितीही ताकद असू दे, पिंप उचलत नाही. पहिली खात नसते. ती धरत नसते. दोन्हीत फरक आहे." मग माझा चेहरा पडलेला बघून तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला. "लिहिलंस छान. पण रॅम्पला वाचता येत नाही."

सेक्रेटरींना मात्र येत होतं. संध्याकाळी ते पत्रक हातात घेऊन आले. "एकदा चरली असती तं मी गप बसनार होतो. आता तीनदा चरायची. सगल्या मेंबरांच्या म्होरं. मंग बघू कोनचा हक्क." अशा रीतीने माझ्या लेखणीमुळे एका चढाचे तीन चढ झाले.

यावर उपाय होता, आणि तो आत्याला पहिल्या दिवसापासून माहीत होता. घसरणाऱ्या चाकाला आवर घालणारं लिमिटेड स्लिप डिफरन्शियल बसवायचं, आणि सोबत मागच्या गिअरचं गुणोत्तर बदलायचं. पण माहीत असणं आणि ठरवणं यांच्यामध्ये आत्याचा स्वभाव पसरलेला आहे, आणि तो खाडीपुलापेक्षा लांब आहे. पहाटे साडेपाचला फोन वाजू लागले. प्रत्येक वाक्य "समजा"ने सुरू होई. लिमिटेड स्लिप दोन जातींचं मिळत होतं. एक नुसत्या तिरप्या गिअरांचं: गुळगुळीत, मुकं, जवळजवळ न झिजणारं. दुसरं प्लेटांचं: आत चकत्यांची चळत, स्प्रिंगांनी दाबून बसवलेली, त्या एकमेकींना घासून दोन्ही चाकांना बांधून ठेवतात. "समजा प्लेटा घेतल्या," आत्या म्हणे, "तर वळताना कटकट वाजणार. समजा पोडियमवरच्या बिऱ्हाडात बाळ झोपलंय. समजा ते दचकलं."

"मग गिअरवालं घे."

"समजा गिअरवालं घेतलं आणि चाक नुसतं घसरलं नाही, पूर्ण हवेत गेलं, तर? त्याला धरायला समोरून थोडा तरी विरोध लागतो. हवेतल्या चाकापुढे ते साध्यासारखंच हात टेकतं."

"मग प्लेटांचं घे!"

"प्लेटा झिजतात गं," ती म्हणे, आणि फोन ठेवून देई.

शेवटी निवाडा केला तो माझ्या पत्रकाने. आत्याला कळायला हवं होतं की वळणावर उजवं चाक नुसतं हलकं होतं की खरंच उचललं जातं. कारखान्यात फट मोजायला ती पातळ कागद सरकवून बघत असे. तेच तिने इथे केलं. रविवारी वॉचमन, दूधवाला, मी आणि माझे वडील अशा चौघांनी गाडी ढकलत वळणावर नेली, दगड लावले, आणि आत्या जमिनीवर पालथी पडून "चढण्याचा हक्क"ची एक प्रत चाकाखाली सरकवू लागली. ती सरकली. आत गेली. दुसऱ्या बाजूने बाहेर आली, एकही सुरकुती न पडता. आत्या उठून बसली, कागदाची कड बोटांत चोळून बघितली. "कागद चांगला वापरतोस," ती माझ्या वडिलांना म्हणाली, आणि मग हळूच मला, "चाक हवेत आहे. प्लेटाच."

आता राहिले दाते. मागच्या मोठ्या चक्राला त्रेचाळीस दाते, त्याला फिरवणाऱ्या लहान गिअरला अकरा. लहान गिअरचे दाते कमी केले की चाकांना जोर जास्त मिळतो, पण त्याच वेगाला इंजिनला जास्त फिरावं लागतं. बाजारात दहाची जोडी होती आणि नऊची होती. अकरा ठेवले तर पाम बीच रोडला इंजिन गुणगुणत जाणार, पण रॅम्पवर धापा टाकून बंद पडणार. नऊ घेतले तर गाडी भिंतसुद्धा चढेल, पण पाम बीचला इंजिन मिक्सरसारखं किंचाळणार. "समजा किंचाळून किंचाळून त्याला काही झालं," असं म्हणून आत्या आठ दिवस नऊच्या विरोधात होती, आणि "समजा तिसऱ्या चढाला दम कमी पडला," म्हणून पुढचे आठ दिवस बाजूने. मी नऊच्या बाजूने ठाम होते. लढाई रॅम्पवर आहे, तर सगळी ताकद रॅम्पवर लावली पाहिजे, अर्धवट उपाय म्हणजे तडजोड, असं मी तिला सुनावलं.

आत्याने भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीकडे बोट केलं. "मध्यम मार्ग तडजोड आहे होय?"

दहा ठरले.

पेटी तिने नावड्याच्या शेडमध्ये स्वतः उघडली आणि स्वतः बांधली. मी सोबतीला जायचे. घरात गॅसचा नॉब चारदा तपासणारी ही बाई तिथे वेगळीच दिसे. दात्यांना निळा रंग लावून, चक्र फिरवून, रंग कुठे पुसला गेला ते बघून ती केसाइतकी पातळ चकती काढी, दुसरी घाली, पुन्हा फिरवी. सबंध दुपार एकदाही "समजा" नाही. सगळं बांधून झाल्यावर कापडाने हात पुसता पुसता तिने मला विचारलं, "तू जेवलीस ना? दाराला कडी आहे ना?" तेव्हा मला कळलं की काम संपलं.

नव्या प्लेटा एकमेकींना सरावाव्यात म्हणून मोकळ्या मैदानात हळूहळू इंग्रजी आठच्या आकारात गाडी फिरवावी लागते. तळोज्याच्या बाजूच्या एका रिकाम्या प्लॉटवर आम्ही अर्धा तास आठ काढले. प्रत्येक वळणाला मागून कट, कट, कट. राखणदार येऊन म्हणाला, "मॅडम, रस्ता चुकलात का?" आत्या म्हणाली, "नाही, नाही, बरोबर चाललोय," आणि पुन्हा फिरली. मला मळमळत होतं. तिने प्लॅस्टिकची पिशवी, लिंबू आणि आवळासुपारी आधीच डॅशबोर्डवर काढून ठेवली होती.

परीक्षा दिवाळीआधीच्या रविवारी सकाळी नऊला होती. आत्या सहाला खाली आली. मी पाचला गेले होते, कारण मला तिला धीर देणारं काहीतरी करायचं होतं, आणि धीर द्यायची मला एकच रीत येते. रॅम्पच्या वळणावर, डाव्या कडेला, मी रांगोळीने हातभर अक्षरांत लिहिलं: "आत्या चढणारच!" बॉर्डरसुद्धा काढली. मेंबर जमले, मुलं कठड्यावर बसली, सेक्रेटरी हातात नारळ घेऊन उभे राहिले. तो नारळ विजयाचा की गाडीच्या निरोपाचा, ते त्यांनी सांगितलं नव्हतं. आत्या गाडीत बसली, पट्टा लावला, पट्टा ओढून बघितला, आरसा बघितला, मला बघितलं. रॅम्पवरचं तिला खालून दिसत नव्हतं.

गाडी वर निघाली. वळण आलं, उजवं चाक उचललं गेलं, प्लेटा वाजल्या, सगळा जोर डाव्या चाकाकडे गेला, आणि डावं चाक नेमकं "चढणारच"वर आलं. दगडाची ती बारीक पूड. चाक भर्रकन फिरलं, पांढरा ढग उडाला, गाडी हातभर मागे सरकली आणि थांबली. ढगातून आत्याचा आवाज आला, "मागे कोणी आहे का?"

हिने पेटी उघडली, कागद सरकवला, दाते मोजले, अर्धा तास आठ काढले, आणि मी तिच्या एकुलत्या एका धरणाऱ्या चाकाखाली घोषणा लिहिली.

सेक्रेटरी खाली वाकले. बोटाने पूड उचलून बघितली. "रांगोली कोनी कारली?" त्यांनी विचारलं. सगळे माझ्याकडे वळले. माझ्या कोपरापर्यंत पांढरं होतं. सेक्रेटरीही वळले. "पोरी," ते म्हणाले, "तुजा पत्रक बी असाच व्हता. डोल्यांना झ्याक, पायाला निसरटा." मग त्यांनी नारळ माझ्या हातात दिला, वॉचमनची केरसुणी घेतली आणि स्वतः वळणावर जाऊन झाडायला लागले. आधी "च" गेला, मग "ढ". झाडून झाल्यावर त्यांनी चप्पल काढून, पाय घासून बघितला. "बाय, ही खेप धरायची नाय. चूक रांगोलीची व्हती, गारीची नवती. आता या."

आत्या आली. कट, कट, कट, कट. उजवं चाक हवेत, डावं जमिनीला चिकटलेलं, दोन्ही एकत्र फिरताहेत, आणि गाडी वळणावरून अशी वर गेली जशी काही ती रोजच जाते. मग खाली आली, पुन्हा गेली. पुन्हा आली, पुन्हा गेली. तिसऱ्या वेळी मुलं टाळ्या वाजवत आवाजाच्या तालावर मोजत होती. नारळ फोडण्याला माझा तात्त्विक आक्षेप होता, पण त्या दिवशी आक्षेप घ्यायची माझी पत उरली नव्हती. आक्षेप आत्यानेच घेतला. गाडीतून मान काढून ती ओरडली, "रॅम्पवर फोडू नका! ओलं होईल!"

त्यानंतर गाडी पोडियमवर असते. संध्याकाळी कधी कधी आम्ही दोघी पाम बीचला जातो. दाते बदलल्यापासून वेगाचा काटा थोडा खोटं बोलतो. काटा साठ दाखवतो तेव्हा गाडी खरी चोपन्न-पंचावन्ननेच जात असते. मी म्हटलं, दुरुस्त करून घेऊ. आत्या म्हणाली, "असू दे. भीती थोडी पुढे असलेली बरी. आपण मागून सावकाश पोचतो." करावेच्या बाजूला खाडीवर ऊन उतरतं, वाऱ्याने तिचे पिकलेले केस उभे राहतात, आणि दोन्ही हात स्टीअरिंगवर घट्ट ठेवून ती अगदी हलकं, स्वतःशीच हसते. हल्ली मात्र मला दिसतं की गिअर टाकताना तिला दोन्ही हात लागतात, आणि डिकी उघडायला ती मला हाक मारते.

परवा तिने मला चौथ्या मजल्यावर बोलावलं. पलंगाखालून पापडाचा पत्र्याचा डबा ओढून काढला. आत तेलकट कागदात गुंडाळलेल्या प्लेटा होत्या, नव्या, आणखी एक सबंध जोड. झिजतात म्हणून तिने त्याच वेळी दोन जोड मागवले होते, मला न सांगता. "या झिजायला बराच वेळ आहे," ती म्हणाली. "तोवर माझी नजर राहील, न राहील. तू बघितलंयस कसं बांधतात ते." तिने डबा माझ्या मांडीवर ठेवला आणि लगबगीने उठून गॅस बंद आहे का ते बघायला गेली.

झाकणाच्या आतल्या बाजूला एक कागद खोचला होता. तिच्या गोल, सरळ अक्षरांत ओळीने सगळं लिहिलेलं: कुठला बोल्ट आधी, कुठली प्लेट आतली, कुठली बाहेरची, तेल किती. कागद पाठकोरा होता. उजेडात धरला तर मागून उलट्या अक्षरांत माझाच मथळा दिसत होता. माझी पत्रकं तिने जपून ठेवली आहेत, हे मला माहीत नव्हतं. यादीची पहिली ओळ अशी होती:

"१. घाबरू नये."

आणि त्याच्या खाली, बारीक अक्षरांत, नंतर आठवून लिहिल्यासारखं:

"घाबरलीस तरी चालेल. पण एका वेळी एकच बोल्ट सोडव."